खांद्यावरची माती

"अंगावर पडलेली माती झटकायची नाही, पोरी. देणं त्या घरी पोचलं, की मगच अंग धुवायचं."

आईचा हा आवाज लांद्रादाच्या कानात होता, आणि डोळ्यांसमोर तिचा भाऊ वारिन घराच्या कोपऱ्यात ओणवा होऊन बोटांनी जमीन खरवडत होता. बाकीच्या कोपऱ्यांतली माती त्याच्या डाव्या मुठीत आधीच होती. बाहेर कुंपणापाशी सारं गाव जमलं होतं.

वारिनच्या हातून माणूस मेला होता. ओकच्या रानात डुकरं चारताना कळप एकमेकांत मिसळले, शब्दानं शब्द वाढला, आणि त्यानं भिरकावलेली काठी ऑडोच्या कानशिलावर बसली. रक्ताची भरपाई म्हणून त्यानं होतं नव्हतं ते सगळं दिलं. तरी पुरलं नाही. आता घराची माती तेवढी उरली होती. ती ज्या आप्तावर पडेल त्यानं राहिलेलं द्यायचं, आणि मारणाऱ्याचा जीव वाचायचा. पणजोबांच्याही आधीपासून असंच चालत आलं होतं.

वारिन उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. तोंड घराकडे, पाठ गावाकडे.

"ताई, आहेस ना गं मागे?"

"आहे. टाक."

खांद्यावरून त्यानं मूठ मोकळी केली. माती लांद्रादाच्या केसांवर पडली, खांद्यांवर पडली, थोडी ओठांना लागली. तिनं ओठही पुसले नाहीत.

मग रिवाजाप्रमाणे वारिननं कमरपट्टा सोडला, आणि अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर, एका काठीच्या आधारानं कुंपणावरून उडी मारायला तो धावला; या घरातलं आता आपलं काही उरलं नाही, याची ती खूण. तो अंगानं जरा जडच होता.

"जपून रे बाबा!" म्हातारा लोहार ओरडला. "कुंपण मोडलंस तर तेही तुझ्या बहिणीच्याच अंगावर पडायचं!"

गाव हसलं. वारिनही पलीकडे पडता पडता हसला.

लांद्रादा मात्र ऑडोच्या आईसमोर जाऊन उभी राहिली होती.

"विल्ट्रूडमावशी, माझ्याकडे एकच गाय आहे. तांबडी. उद्या सकाळी मी स्वतः आणून तुमच्या दारात बांधीन."

विल्ट्रूड तिच्या खांद्यावरच्या मातीकडे बघत राहिली.

"दूध देते?"

"देते."

"ऑडोला दुधातली पेज लागायची," म्हातारी म्हणाली. तिनं हात पुढे केला. "आण."

लांद्रादानं तो हात दोन्ही हातांत धरला. लोहारानं डोक्यावरची टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली. मिटलं होतं.

तेवढ्यात नदीकडून घोडे आले. राजाचा अंमलदार आणि त्याची माणसं. अंमलदार ओळखीचाच होता. दर हिवाळ्यात इथलं चीज घेऊन जायचा. आज तो घोड्यावरून उतरला नाही.

"यंदाच्या वसंतातल्या सभेत राजानं ठरवलंय," तो पाठ केल्यासारखं बोलू लागला. "जो मारील, तो मरेल. भरपाई नाही. नातलगांनी त्याच्यासाठी कोंबडीसुद्धा द्यायची नाही."

लोहाराला ही थट्टाच वाटली. "उशीर केलात, धनी. आमचं मिटलंसुद्धा."

"मिटवणारे तुम्ही कोण?"

विल्ट्रूड घोड्याच्या अगदी तोंडाशी गेली.

"मेला तो माझा मुलगा. मी हो म्हटलंय. राजाचं कोण मेलं?"

अंमलदारानं लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"राजाची शांतता मोडली, बाई."

म्हातारीनं खाली पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं; जणू मोडलेलं ते काहीतरी इथंच कुठंतरी पडलेलं असणार होतं.

वारिन कुंपणापलीकडे अजून तसाच उभा होता, धापा टाकत, चेहऱ्यावर मघाचंच हसू. अंमलदाराच्या दोन माणसांनी त्याचे दंड धरले तेव्हा तो एवढंच म्हणाला,

"ताई, माझा पट्टा दे ना. असा कसा जाऊ यांच्याबरोबर?"

लांद्रादा पट्टा उचलायला वाकली. ती उठून पाहते तो त्याला ओकच्या झाडाखाली नेऊन फांदीवर दोर टाकलाही होता. चुलीवरची पेज उतू जायच्या आत सगळं आटोपलं. लोहाराची टोपी अजून हातातच होती.

परत जाताना अंमलदार तिच्यापाशी थांबला. आवाजात कठोरपणा नव्हता.

"झटक ती माती. तुझ्यावर आता काही देणं नाही. सुटलीस तू."

तिचा हात खांद्यापर्यंत गेला. तिथंच थांबला. मग खाली आला.

"आणि गाय गोठ्यातच राहू दे," तो म्हणाला. "ती त्या घरी दिसली, तर मला तुझ्या दारी यावं लागेल. मी आजची रात्र पुलापाशीच आहे."

संध्याकाळी तिनं वारिनला पुरलं. पट्टा तिनं त्याच्या कमरेला नीट बांधला होता.

सकाळी ती उठली. रोज ती तोंड धुऊन प्रार्थनेला बसायची. आज न धुताच गुडघे टेकले. प्रार्थनेचा एकही शब्द गाळला नाही. कपड्यांवरून सांडलेली माती जमिनीवर दिसली, ती बोटानं टिपून तिनं परत खांद्यावर ठेवली.

मग गोठ्यात जाऊन दावं सोडलं. विल्ट्रूडच्या घरी जायला पुलावरूनच वाट होती, आणि पुलापाशी शेकोटीचा धूर दिसत होता. तिनं गायीच्या गळ्यातली घंटा काढली. क्षणभर हातात धरून उभी राहिली.

घंटा तिनं पुन्हा बांधली. फाटक उघडलं, आणि गायीच्या पुढे चालू लागली.