भिंतीवरचा पहारा

शुक्रवारी दुपारी चार वाजता रिबेका दिवेकरांनी पोहे भिजवले. दीक्षा युनिव्हर्सिटीतून घरी आली, ओट्यावर खोवलेला नारळ, साखर आणि पाच फळं पाहिली, आणि दारातच थबकली. मूळच्या अलिबागच्या या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाई एलियाहू नबींच्या नावाचा हा प्रसाद, मलिदा, दोनच प्रसंगी करत: नवस फेडायला, नाहीतर लांबच्या प्रवासाला निघताना.

मॉसन लेक्स उपनगरातल्या या घरात दीक्षा तीन वर्षं भाड्याने राहत होती. रविवारी बाईंचा मुलगा बेनी सिडनीहून येणार होता, आईला तिथल्या ज्यू वृद्धनिवासात न्यायला. उंच कुंपण, फाटकावर गार्ड. "हल्ली तेच बरं," तो फोनवर म्हणाला होता.

"कसं झालं गं भाषण?" बाईंनी ओट्यापाशूनच विचारलं.

"चांगलं झालं, मावशी."

भाषण स्पायरवर होतं. अकराव्या शतकातल्या त्या जर्मन शहरावर बिशपची सत्ता. त्याने ज्यूंना बोलावून वस्ती दिली, भोवती भिंत बांधली. जपण्यासाठी घातलेली भिंत माणसाला वेगळंही काढते, एवढंच दीक्षाचं म्हणणं. तिच्या आजोबांचं घर गावकुसाबाहेर होतं. भिंत तिला कुठल्याही बाजूने ओळखू येई.

"भिंतीवर पहारा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"त्यांचा त्यांनीच करायचा. बिशपने दिलेल्या सनदेतच आहे."

"आणि पुढे?"

"बारा वर्षांनी हल्ला झाला. अकरा जण मारले गेले. बाकीच्यांना तेव्हाच्या बिशपने वाचवलं."

"म्हणजे बिशप बरा, तर भिंत बरी."

"बेनीदादाच्या गार्डचंही तसंच," दीक्षा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाई हसल्या. "चावू नकोस, मलिदा खायचाय."

"तुम्ही जाताय ना? म्हणूनच केलाय ना हा?"

"वेडी! तुझ्या भाषणाचा नवस होता."

"मावशी, मी नवस मानत नाही."

"तुला विचारतंय कोण? बोलले मी, फेडते मी. हात धुऊन ये, दिवस मावळायच्या आत आटपू दे."

प्रार्थना म्हणून झाल्यावर बाईंनी तिच्या ओंजळीत पहिला घास घातला. ओंजळ दोन्ही हातांनी धरून ठेवली, जरा जास्तच वेळ.

"आणि रविवारी?" दीक्षाने विचारलं.

"बेनीला आवडतो मलिदा," बाई म्हणाल्या आणि उरलेला डब्यात भरू लागल्या. "आधी खाऊ दे. मग बोलू."

रविवारी सकाळी बेनीचं विमान उतरलं. डबा फ्रिजमध्ये होता. बाईंची रिकामी बॅग अजून कपाटावरच होती.