काकांनी लिहिलेलं ‘निल’

दर वर्षी एका रविवारी परशुरामकाका बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावातल्या मराठी देवळामागच्या वर्गखोलीत येऊन बसत. शनिवारी ज्या बाकांवर मुलं बाराखडी गिरवत, त्याच बाकांवर त्या दिवशी मोठी माणसं दाटीवाटीने बसायची, आणि काका एकेकाचा इन्कमटॅक्सचा फॉर्म भरून द्यायचे. साखर कारखान्याच्या कचेरीत त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. इंग्रजी अक्षर असं की बघत राहावं. पैसे घेत नसत. कुणी अननस आणी, कुणी घरच्या कोंबडीची अंडी. फॉर्म मात्र सगळे घरूनच सही करून आणत. वर सगळं कोरं, तळाला सही. भरून झाल्यावर वाचायला मागणं म्हणजे काकांवर संशय घेणं, आणि एवढा निर्लज्जपणा आजवर कुणी केला नव्हता.

देवराज त्यांचा चुलतपुतण्या. सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर. तोही सही करूनच फॉर्म न्यायचा.

त्याची बायको विद्यावती पितों गावची, उसाच्या मळ्यात राबणाऱ्या घरातली. कॉलेज पास झालेली त्या घरातली पहिली मुलगी. एकोणिसाव्या वर्षी ती नर्स व्हायला इंग्लंडला गेली आणि सात वर्षं तिथल्या म्हाताऱ्यांची अंगं पुसून, १९८० साली परत आली. येताना तिने दोन गोष्टी आणल्या. एक, तिकडच्या बचत सोसायटीचं पासबुक. दुसरी, हॉस्पिटलचं पत्र: पगारातून कापलेल्या पैशांचं पेन्शन तुम्हाला साठाव्या वर्षापासून मिळेल. लग्न ठरतानाच तिने दोन्ही कागद देवराजला दाखवले होते. तो तेव्हा हसून म्हणाला होता, “म्हणजे म्हातारपणी तू मला पोसशील.”

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, फॉर्ममध्ये परदेशातल्या मिळकतीचा रकाना बघून, ती पासबुक घेऊन स्वतः वर्गखोलीत गेली. काकांनी चष्मा लावला, पानं उलटली, पासबुक परत दिलं आणि रकान्यात लिहिलं, निल, म्हणजे काही नाही. तिकडचं तिकडे राहतं सुनबाई, म्हणाले, इकडे कशाला घोळ? पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं सांगितलं की आमच्या सुनेला सरकारला जास्तीचे पैसे देण्याची फार हौस आहे. बाकं हसली. देवराजही हसला. ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती विचारायला गेली नाही. तेव्हा पोटात मूल होतं आणि जिना चढला तरी दम लागत होता.

मुलगी झाली, इंद्राणी. घरावर पत्रे होते. वारा सुटला की विद्यावती पाळणा ओढत मधल्या भिंतीशी नेई आणि छताचा एकेक खिळा मनात मोजी. म्हणून तिने ठरवलं, तिकडचे थोडे पैसे आणून एका खोलीवर तरी स्लॅब घालायचा. तिने सोसायटीला पत्र लिहिलं, इथल्या बँकेने मागितले ते सगळे कागद दिले. लपवायचं काही आहे हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन महिन्यांनी इन्कमटॅक्स कचेरीचं तपकिरी पाकीट आलं. देवराजच्या नावाने. आपण तीन वर्षं परदेशातली मिळकत ‘निल’ दाखवली आहे. आपल्या पत्नीच्या खात्यावर दर वर्षी व्याज जमा झालं आहे. एकवीस दिवसांत खुलासा करावा. न केल्यास दंड होईल, आणि आपण सरकारी नोकर असल्यामुळे आपल्या शाळाखात्यालाही कळवण्यात येईल.

देवराजने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि चपला न बदलता काकांकडे गेला.

रविवारी दुपारी काका त्यांच्या घरी आले. चहा घेतला. मग खिशातून खुलासा काढला. लिहून तयारच होता, त्याच देखण्या अक्षरात. देवराजने फक्त सही करायची होती. विद्यावतीने मुलीला कमरेवर घेऊन तो काकांच्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. माझ्या पत्नीने लग्नाआधीचं हे खातं माझ्यापासून लपवून ठेवलं. मला त्याची काहीही कल्पना नव्हती. ती या बाबतीत अज्ञानी आहे.

अज्ञानी! औषधाचा थेंब इकडचा तिकडे झाला तर माणूस जातो, ते सात वर्षं जिने सांभाळलं ती अज्ञानी. आणि लपवलं? ज्या हातांनी पासबुकाची पानं उलटली त्याच हातांनी हे लिहिलं होतं. तिच्या कानांतून वाफा निघाल्या.

“काका, मी हे तुम्हांला दोनदा दाखवलंय.”

“दाखवलंस ना. मी कुठं नाही म्हणतो?” काका शांतपणे म्हणाले. “पण यात तुझं काय जातं सांग. बाईमाणसाला ते काही करत नाहीत. त्याची नोकरी गेली तर काय खाशील?”

मग त्यांनी समजावलं. दीडशे घरांचे कागद त्यांच्या हाताखालून जातात. कुणाचा भाऊ फ्रान्समध्ये, कुणाची लेक लंडनला. काकांचं नाव एकदा टॅक्सच्या कचेरीत पोचलं की प्रत्येकाचा फॉर्म उघडणार. एका पासबुकापायी सगळा समाज उघडा पडेल. तो कुणी पाडला म्हणून लोक कुणाकडे बोट दाखवतील, याचाही तिने विचार करावा.

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त चीड आली. दीडशे घरांचा भार तिच्या डोक्यावर ठेवला होता, आणि तो ठेवणारा माणूस चहात बिस्कीट बुडवत होता. हा कागद कुठेतरी फायलीत राहणार. उद्या मुलगी मोठी होईल, कुणीतरी तिला सांगेल, तुझ्या आईने तुझ्या बापाला फसवलं होतं.

ती देवराजकडे वळली. “तुम्हांला कल्पना नव्हती?”

देवराजने काकांच्या कपात आणखी चहा ओतला.

“मी बुधवारी पोर्ट लुईला टॅक्सच्या कचेरीत जाणार,” ती म्हणाली. “सगळे कागद घेऊन. तुम्हांला यायचं तर या.”

काका उठले. उरलेलं बिस्कीट त्यांनी बशीत ठेवलं. खुलासा मात्र जाताना तिच्या हातातून घेऊन देवराजच्या हातात दिला.

बुधवारी देवराजने अर्ध्या दिवसाची रजा काढली. बसमध्ये तो दुधाच्या बाटलीची पिशवी मांडीवर घेऊन बसला. काकांचा खुलासा त्याच्या शर्टाच्या खिशात होता, त्याची कड वर दिसत होती. विद्यावतीच्या पिशवीत पासबुक, हॉस्पिटलचं पत्र आणि तिने स्वतः लिहिलेलं दीड पान होतं. तेर रूजला जाणाऱ्या बायका समोर भाजीच्या टोपल्या सांभाळत बेटावरच्या क्रिओल बोलीत बोलत होत्या.

कचेरीतला अधिकारी तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. त्याने तिचं दीड पान वरवर पाहिलं आणि बाजूला सारलं. मादाम, तो म्हणाला, हे चालणार नाही. फॉर्म नवऱ्याचा असतो, बायकोची मिळकत त्याच्याच फॉर्मवर येते, तेव्हा उत्तरही त्यानेच द्यायला हवं. तिने सांगितलं की पैसे तिने मिळवलेत, पेन्शन तिचं आहे, साठ वर्षांची तीच होणार आहे. तो म्हणाला, कायदा असा आहे.

“म्हणजे लपवल्याचा ठपका माझ्यावर,” ती म्हणाली, “आणि खरं सांगायचा हक्क यांना?”

ठपका कुणी ठेवला ते त्या अधिकाऱ्याला समजलं नाही. पण शेजारच्या खुर्चीवरच्या देवराजला समजलं.

अधिकाऱ्याने त्याच्याकडे तोंड केलं. “मिस्ये, तुम्हांला या पैशांची माहिती होती?”

देवराजचा हात खिशाकडे गेला. विद्यावतीने तिकडे पाहिलं नाही. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधले आकडे वाचत बसली. तिने सांगायचं ते सांगून झालं होतं. आता हा माणूस काय म्हणतो त्यावर पुढचं सगळं होतं: ती याच घरात, याच्याच शेजारी कशी राहणार, ते.

“वी, मो ती कोने,” देवराज क्रिओलमध्ये म्हणाला. मग मराठीत, जणू तिलाच सांगत, “ठाऊक होतं. लग्नाआधीपासून.”

फॉर्म कुणी भरला, असं अधिकाऱ्याने विचारलं. देवराज म्हणाला, “मी कोऱ्या फॉर्मवर सही केली. सही माझी आहे. बाकी कुणाचं नाव घ्यायचं नाही मला.”

अधिकाऱ्याने खांदे उडवले. तीन वर्षांच्या व्याजावरचा कर, वर दंड. महिन्याच्या आत भरलात तर शाळाखात्याला पत्र जाणार नाही. आणि यापुढे पेन्शनचंही कळवत जा, म्हणाला, अजून मिळायला लागलं नसलं तरी. जे पैसे हातात यायला तीस वर्षं आहेत त्यांचीही पोच द्यायची! विद्यावतीचा राग पुन्हा उसळला, पण हा राग परवडणारा होता.

दंड भरायचा तर स्लॅबचे पैसे मोडायचे. ती पत्र्यांखाली आणखी एक वर्ष काढणार होती. काकांनी देवळात देवराजशी बोलणं टाकलं, आणि तिने पाठवलेलं पुरणपोळीचं ताट रुमालासकट परत आलं. पण पुढच्या आठवड्यात तेर रूजची जमुनाबाई मागच्या दाराने आली, पदराखालून मुलाची फ्रान्सची पत्रं काढली आणि हळूच म्हणाली, बघ गं बाई, यातलं काय सांगावं लागतं. मग शेजारची भगवती आली. मग आणखी दोघी.

महिना संपायच्या आत विद्यावती एकटीच मुलीला घेऊन कर भरायला गेली. खिडकीतल्या माणसाने नोटा मोजल्या, पावती फाडली. पावतीवर नाव होतं देवराजचं.

“हे पैसे माझे आहेत,” ती म्हणाली. “माझंही नाव घाला.”

तशी जागा नाही, तो म्हणाला.

“मग जागा करा.”

मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. त्याने पावती परत ओढून घेतली, खाली बारीक अक्षरांत लिहिलं, पत्नीच्या व्याजावर, आणि पुढे सरकवली. तिने वाचलं. पावती उचलली नाही.

“पत्नीला नाव आहे,” ती म्हणाली, आणि मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत तिथेच उभी राहिली. माणसाने रांगेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.