फळीचं माप

कारखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाला, जुनी रंधा मशीन ज्याला हवी त्याने न्यावी. कोणालाच नको होती. आमच्या ह्यांनी ती टेम्पोत घालून घरी आणली आणि मला म्हणाले, "मागच्या खोलीत बसेल." मागची खोली सात फूट बाय सात. मशीन आठ फुटांची, अंगाने म्हशीएवढी. मी बोलायला लागले असते तर संध्याकाळ पुरली नसती.

माझ्या दादाने ह्यांच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. एका इमारतीच्या फाटकावर, खुर्ची आणि शिट्टी मिळणार. हे म्हणाले, "महिनाभर थांब. मशीन नाही चालली तर जातो." पस्तीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस लोकांच्या गाड्यांना फाटक उघडणार, या विचाराने मला घास गिळवत नव्हता. तसं त्यांना सांगितलं नाही. लगेच भाव खाल्ला असता.

मग महिनाभर कापाकापी. पाय कापून बुटके केले. बाजूची मोटर खाली पोटात घेतली, पट्टा आखूड घातला. वरचा ओतीव लोखंडाचा पाटा दोन्हीकडून दीड-दीड फूट उडवला. दिवसातून तीन वेळा टेप लावायचे आणि वहीत लिहायचे. शेवटी मशीन आत गेली, भोवती माणूस आडवा होऊन सरकेल एवढी जागाही उरली. वीतभर तुकडा घातला, गुळगुळीत निघाला. हे हसले. कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदा.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी बाक करायला सांगितला होता. ह्यांनी त्याची साडेसहा फुटी फळी घेतली. एक टोक पात्याकडे न्यायला गेले, दुसरं मागच्या भिंतीला आपटलं. फळी फिरवून पाहिली. तिरकी धरून पाहिली. मशीन बंद केली.

फळी जेवढी पात्याच्या अलीकडे, तेवढीच पलीकडे जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कारखान्यात भिंती कुठेतरी लांब होत्या, तिथे तो विचार कधी करावाच लागला नव्हता. मापं सगळी मशीनची घेतली, फळीची राहिली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. ह्यांना नाचता उत्तम येत होतं, अंगणच सात फुटांचं होतं.

"दादाला कळव, सोमवारपासून येतो," हे म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात घातली.

मी दादाला कळवलं आणि मग मला राग आला. कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही. मशीनच्या पुढे खिडकी होती, मागे माझ्या स्वयंपाकघराची भिंत. मी जाऊन त्या भिंतीवरच्या मांडणीतले सगळे डबे उतरवले आणि छिन्नी-हातोडा आणून ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

"इथे भोक पाडा," म्हटलं. "ताटाएवढंच. मोठं पाडलंत तर याद राखा."

रविवारी फळी माझ्या ओट्यावरून निघाली, भिंतीतून आत शिरली आणि खिडकीतून गल्लीत डोकावायला लागली. मागचं टोक माझ्या हातात. पलीकडून हे ओरडत होते, "ढकलू नकोस. नुसती धर."

तेवढ्यात फोन वाजला. मी तो खांद्याने कानाशी धरला. दादा होता. "दाजी उद्या किती वाजता येताहेत?"

"त्यांना वेळ नाही," मी म्हटलं. "मलाही नाही. आम्ही कामावर आहोत."