गुरुदास महाराजांचं बोंडलं

"आवशीक भायर काढा! आवशीची सावली पडली तर देव उठान जातलो!"

महादू तांडेल पंचा फिरवत बाळाच्या आईला बाहेर काढा म्हणून ओरडत होता आणि दीडशे माणसं माडांच्या बागेत एकमेकांच्या पायांवर उभी होती. डोक्यावर जुन्या जाळ्यांचा मांडव. घाम, उदबत्ती आणि सुके बांगडे, तिन्हींचा मिळून एकच वास. मांडवाच्या टोकाला चौरंगावर गुरुदास महाराज. हातात तांब्याचा कमंडलू, पुढ्यात तांब्याचं ताट, ताटात पिवळा अंगारा पसरलेला.

माझी शेजारीण चंद्रावती पुढे झाली. तिने आपल्या पाच महिन्यांच्या नातीची, भक्तीची, दुधाची रिकामी बाटली महाराजांना दिली. महाराजांनी कमंडलूतलं तीर्थ त्या बाटलीत ओतलं, झाकण लावून तीनदा हलवलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पाणी ताटात उपडं केलं.

ताट लाल झालं.

"रगात! रगात इला!" बायकांनी पदर तोंडाला लावले.

"पाहिलंत?" महाराज शुद्ध बोलत. इन्सुलीच्या बाजूने आले म्हणे, पण बोली कुठल्याच गावची नव्हती. "पाण्यात गेलेली एक स्त्री आहे. ओटी रिकामी राहिली तिची. ती या बाळाच्या टाळूवर बसली आहे. म्हणून बाळ आईशिवाय कुणाच्याही हातून दूध घेत नाही. डॉक्टर म्हणतात बाटली बदला. अरे, डॉक्टरांना टाळूवरचं दिसतं का?"

मग त्यांनी बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढलं. आपल्याकडे पूर्वी असायचं तसंच, चोचवालं. त्यात भक्तीच्या आईने, संजनाने, घरून काढून आणलेलं दूध ओतलं. संजनाला कुंपणाबाहेर पाठवलं होतं. काशीबाई नावाच्या म्हाताऱ्या सेविकेने पोरीला संजनाच्याच जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर बसवलं आणि बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवली. महाराज मोठमोठ्याने मंत्र म्हणत राहिले.

पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकाच्या हातून बाटली भिरकावणारी, निळी पडेपर्यंत रडणारी भक्ती चुटूचुटू दूध प्यायली.

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. कुंपणापलीकडे संजना हुंदके देत होती.

ती डोळे पुसून हसणार, तोच महाराजांनी पुढची अट सांगितली. एक्केचाळीस दिवस दर गुरुवारी पोरीला याच बोंडल्याने पाजायचं. बोंडलं घरी न्यायचं नाही. आणि एक्केचाळीस दिवस आईने पाणी ओलांडायचं नाही.

संजनाला अकरा दिवसांनी, सोमवारी, कुडाळला हजर व्हायचं होतं. लिपिकाची नेमणूक. तीन वर्षं परीक्षा देत होती, शेवटची तर सातव्या महिन्यात पोट सांभाळत दिली. हजर झाली नाही तर नेमणूक रद्द, असं कागदावरच होतं. आणि कुडाळला जायचं म्हणजे खाडीवरचा पूल ओलांडायचा.

"मगे ऱ्हवली नोकरी," चंद्रावती घरी येता येता म्हणाली. "पोर जिती ऱ्हवली तर सगळा आसा."

 चालता चालता संजनाने पोरीचं टोपरं चार वेळा सारखं केलं.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं काय ते गावच्या वाचनालयात झाडलोट करताना, पुस्तकं पुसण्याऐवजी उघडून शिकले. तेवढ्यावर मला इतकंच कळत होतं की पाण्याचं रक्त होत नाही. पण ते कसं झालं, हे काही सुचेना. पाच दिवस मी स्वतःवर चिडून होते. भाताची पेज दोनदा करपवली.

मंगळवारी बांगडे साफ केले, मीठ-हळद चोळून ठेवले, हात वरवर धुतला आणि विडा करायला बसले. डबीतला चुना बोटावर घेतला.

बोट लाल.

सत्तावीस वर्षं मी विडा खाते. सत्तावीस वर्षं मासे केल्यावर हे बोट लाल होतं आणि सत्तावीस वर्षं मी ते पदराला पुसते. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लाल लेप लावला नाही अशी बाई या किनाऱ्यावर दाखवा. आणि त्याच आम्ही सगळ्या जणी ताटात तोच रंग बघून "रगात, रगात" करत होतो! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

तशीच उठून शेजारी गेले. चंद्रावतीला बोट दाखवलं, अंगारा म्हणजे हळद आणि तीर्थ म्हणजे चुन्याचं पाणी, असं सांगितलं.

"तुझी हळद वेगळी," ती म्हणाली.

"हळदीत काय वेगळा आसता गो?"

"ता तीर्थ आसा. तू तीर्थाक चुनो म्हणतंस? तोंडात किडे पडतले, सुगंधा."

"आणि ती बाटली? तीर्थ घातलेली? ती धुतलंस?"

"धुवची कशी? पवित्र झाली ती. म्हणान तर फळीर ठेवलंय."

मी फळीवरून बाटली ओढून काढली. तळाशी पांढरी साय धरली होती. चुन्याची निवळी सुकली की धरते तशीच. आणि हीच बाटली उद्या कुणी 'प्रसादाची' म्हणून पोरीच्या तोंडाला लावली असती!  संजना दारात उभी राहून ऐकत होती.

"काकी," ती म्हणाली, "गुरवारी मिया येतंय तुमच्यावांगडा. कुंपणाभायर ऱ्हवचंय नाय."

गुरुवारी मांडवात पुन्हा तीच गर्दी. भक्ती चंद्रावतीच्या कडेवर, मागे पोरीचा बाप, चंद्रावतीचा मुलगा धनेश. सकाळी होडीवरून येऊन तसाच आलेला. आमची पाळी आली तेव्हा मी पिशवीतून एक बाटली काढून दिली. महाराजांनी तीर्थ ओतलं, हलवलं, ताटात उपडं केलं. लाल.

"अत्यंत तीव्र बाधा," महाराज म्हणाले. "हे बाळ कुणाचं?"

"कोणाचा नाय," मी म्हटलं. "बाटली काल बाजारातून आणली. अजून कुणाच्या तोंडाला लागलेली नाही."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा चेहरा पाव पळ बिनमंत्राचा झाला.

"म्हणजे बाधा तुझ्यात आहे."

"असेल. मग माझ्या घरचं पाणी याच अंगाऱ्यावर ओतते, बघूया." मी चंबूतलं विहिरीचं पाणी ताटाच्या कोरड्या कडेला ओतलं. पिवळं. "बाधा गेली वाटतं. आता त्याच जागी तुमचं तीर्थ दोन थेंब टाका."

ते टाकेनात. संजनाने पुढे होऊन कमंडलू उचलला आणि टाकलं. लाल.

"बाई, अपवित्र हात...!"

"महादू," मी हाक मारली, "तू दिसाक धा पाना खातंस. ह्या बघ काय ता."

महादूने पंचा खांद्यावर टाकला. एकदा महाराजांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. कमंडलूच्या ओठावर पांढरा थर होता, तो नखाने खरवडून जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आवशीक खाव! हो तर चुनो!"

मांडव हसला. पण हसण्याने काय होतं? लगेच मागून आवाज आला, "चुनो आसात, पण चेडू दूध प्याला ना? तां कसा?"

"तेच!" महाराज सावरले. "चुना हे निमित्त. सामर्थ्य मंत्रात आहे."

आणि अर्ध्या माना हलल्या. हसणाऱ्यांच्याच. मला रडू यायचं बाकी होतं.

मी दुसरी बाटली काढली, भक्तीची, फळीवरची. तीनदा धुऊन पाणी भरून आणली होती. सगळ्यांसमोर उलटी धरली. रबरी बोंडातून थेंब पडायला हवेत. नळ सोडल्यासारखी धार लागली.

"ह्या भोक कोणी पाडला?"

 मग धनेश पुढे आला, कानाच्या पाळ्या लाल.

"दूध येय नाय होता म्हणान... मी गरी तापवन घातलंय."

"खंयची गरी?"

"मुशीची."

मुशी म्हणजे शार्क मासा. तो पकडायचा गळ तापवून या बाबाने लेकीच्या बाटलीचं बोंड भोसकलं होतं. पहिल्याच घोटाला पोरीच्या नाकातोंडात दूध गेलं असणार. त्यानंतर बाटली दिसली की ती किंचाळत होती. घरातले पाचही जण तीच बाटली आळीपाळीने तिच्या तोंडात कोंबत होते, आई समोर उभी असताना.

"मेल्या," चंद्रावती ओरडली, "माका सांगाचा नाय?"

"तू इचारलंस खंय? तू पाण्यातली बाय सोधत होतंस."

तेवढ्यात काशीबाई बोलली. आतापर्यंत ती खांबाला टेकून गुपचूप बसली होती. "माझ्या हातार तीनशे पोरां जल्माक इली. आवस समोर दिसली काय पोर दुसऱ्याच्या हातचा घेणा नाय. आवस दूर, आवशीचा लुगडा जवळ. पोराक बसता धरूचा, ओठाक भांडा लावचा नि गप ऱ्हवचा. तां आपणच जीभ काडता. ह्येत मंत्र खंयचो?"

"मगे इतके दीस कित्या गप ऱ्हवलंस?" महादूने विचारलं.

"इचारल्यान कोणी?" काशीबाई म्हणाली.

महाराज 'अहंकार, अहंकार' म्हणत उठले. पुढच्या गुरुवारी मांडव खाडीपलीकडच्या गावात लागला, असं ऐकलं. तिथेही गर्दी आहे म्हणे. तिथेही बायका विडे खातात.

आता सगळं सरळ झालं असं वाटेल. झालं नाही. चंद्रावती माझ्याशी बोलेना. "चार माणसांत माका येडी केलंस," एवढंच म्हणाली. मी तिच्या ओट्यावर बसून राहिले.

"धनेश चार महिन्यांचो असताना तू पाटी घेवन बाजारात जायस," मी शेवटी म्हटलं. "तेका दूध कोण पाजी?"

"माझी सासू."

"बाटलीन?"

ती मासे चिरत होती. विळीवरचा हात थांबला.

"शिंपल्यान," ती म्हणाली.  "मागल्या दारी बसान पाजी. माका थयसून हाकलून घाली. म्हणी, तू दिसलंस तर माझा कोण आयकतला."

ती उठली, हात धुतले, आणि छोटी स्टीलची वाटी उकळायला ठेवली.

शुक्रवारी भक्तीने सगळं दूध आजीच्या अंगावर उडवलं. शनिवारी वाटीची कड चाटली आणि थुंकली. रविवारी दोन घोट घेतले, मग तासभर आकांत. संजना माझ्या स्वयंपाकघरात बसून तो आवाज ऐकत होती. "माका नको ती नोकरी, काकी," ती म्हणाली. मी तिच्या पुढ्यात चहा ठेवला.  युक्ती खरी असली तरी तिला वेळ लागतो. चमत्कार एका मिनिटात होतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

सोमवारी संजना सातच्या एसटीने गेली. आदल्या दिवशीची साडी पाळण्यात, काढून ठेवलेलं दूध माझ्या फ्रिजमध्ये, बांगड्यांच्या वरच्या खणात. अकराला चंद्रावतीने वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केली, नात मांडीवर बसवली आणि मला बाहेर घालवलं. "तुझो विड्याचो वास येता."

पोर रडायला लागली. मी माडाच्या बुंध्याशी उभी होते. रडणं वाढलं, मग थांबत थांबत झालं, मग मांजर दूध पितं तसला एक बारीक आवाज.  चंद्रावती काही म्हणत नव्हती. मंत्र नाही, गाणं नाही, काही नाही.

मग ती दारात आली. वाटी उलटी करून दाखवली. एक थेंब पडला.

"आता दृष्ट काडतंय," ती म्हणाली. "काय बोलू नको."

"काढ. पण आधी हात धू."

संध्याकाळी संजना पुलावरून परत आली. पाणी ओलांडून. कुणाचं काही बिघडलं नाही.

बायांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी ताटात रक्त दाखवलं, तर भिण्याआधी आपल्या बोटांकडे बघा. पोर दूध घेत नसेल, तर पाण्यातल्या बाईला शोधण्याआधी बाटली उलटी करा, आणि तरीही घेत नसेल तर नर्सबाईला विचारा. कारण शोधायला वेळ लागतो, वैताग येतो, दूध अंगावर सांडतं. पण कारण सापडलं की ते आपल्या घरातच राहतं. त्यासाठी दर गुरुवारी कुणाच्या मांडवात जावं लागत नाही.