बत्तीस शून्यं

रिसोडच्या मदनसिंगच्या बँडात सात माणसं होती. त्यांतल्या एकालाही पत्र वाचता येत नव्हतं, पण सरगम सगळ्यांना वाचता यायची. पलटणीच्या बँडातून सुटून गावी आल्यावर मदनसिंगनं दोन वर्षं खपून ती त्यांच्याकडून घोटून घेतली होती. आणि त्यांना वाचता येईल अशी सरगम सगळ्या तालुक्यात एकच जण लिहायची, विजयमाला.

तिचे वडील शालिग्राम मास्तर शाळेत गाणं शिकवायचे. ते गेल्यावर त्यांचा बोरू आणि पेटी तिच्याकडे राहिली. तिच्या कागदावर एका ओळीत आठ मात्रा, ना कमी ना जास्त. अक्षर बोराएवढं मोठं. मुरक्या, हरकती काही नाही, त्या वाजवणारा आपल्या आपण घेतो. गाण्याचे शब्दही नाहीत. पान उलटायचं तिथं वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला दोन मात्रा मोकळ्या. जिथं गप्प राहायचं तिथं शून्य.

"वाजवणाऱ्यानं कागदाकडं पाह्यलं, अन् बोट आपोआप पडलं पाह्यजे," ती म्हणायची. "कागदासंग भांडत बसला का गाणं गेलं."

बेचाळीसच्या सप्टेंबरात मारोतराव मास्तर तिच्याकडे आले. अनसिंग गावचे, वयानं तिशीच्या आतले, शाळेत इतिहास शिकवायचे. गेल्या महिन्यात रिसोडात जो मोर्चा निघाला त्यात ते नव्हते, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत. लढाईच्या फंडाच्या सभेला जिल्ह्याचे साहेब येणार होते, स्वागताला बँड ठरला होता.

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "नवीन स्वागतगीत हाय बाई. मदनसिंगच्या लोकाइसाठी साफ उतरवून द्या. सात प्रती."

कागद फार गिचमिड होता. एका मात्रेत चार चार स्वर कोंबलेले, वर रेघा, खाली रेघा, मधेच खाडाखोड. तिला नवल वाटलं. इतिहासाचा मास्तर इतकी नक्षी कुठून शिकला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात बसून उतरवायला लागली. आधी हरकती गाळल्या. मग उगीच लावलेले कणस्वर गाळले. दोन ओळी मोकळ्या झाल्या तशा तिनं सवयीनं पेटीवर वाजवून पाहिल्या, आणि तिचा हात भात्यावरच थांबला.

ही चाल तिनं ऐकली होती. गेल्या महिन्यात बाजाराच्या रस्त्यानं मोर्चा हीच गात आला होता. वडाजवळ लाठ्या सुरू झाल्या तेव्हाही मागची माणसं हीच गात होती. त्यानंतर दवंडी फिरली, हे गाणं जो गाईल, वाजवील, लिहील, तो आत जाईल. तेव्हापासून गावात कोणी ते गुणगुणलंही नव्हतं.

तिनं उठून अंगणाचं फाटक लावलं.

मारोतराव संध्याकाळी आले तेव्हा तिनं कागद पुढे केला नाही. "हे कोणतं गाणं हाय ते मले समजलं."

त्यांनी वळून लावलेल्या फाटकाकडे पाहिलं. "मले वाटलंच होतं. म्या ते नक्षीत दडवलं, पण तुमच्या हातून गेल्यावर ते उघडं पडनारच. म्हणून तर तुमच्याकडं आणलं."

"अन् बँडवाले?"

"त्याइले सांगू नका. त्याइले माहीतच नसलं तर त्याइचा काय दोष?"

"फौजदार दोष इचारून मारत नाई, मास्तर."

"एकदा साहेबासमोर वाजलं का सगळा बाजार गाईल. सातजणाइले किती दिवस कोंडतीन?"

"त्या साताइत तुमी नाई," ती म्हणाली.

मारोतरावांचा चेहरा उतरला. ते उठले, चप्पल घातली आणि मागं न बघता गेले. गिचमिड कागद तिच्याकडेच राहिला.

चुलीत घालावा असं तिच्या मनात आलं. पण तिचं लिहिलेलं आजवर ज्यांनी डोळे झाकून वाजवलं, त्यांना न सांगता जाळणंही तिला पटेना. तिनं मदनसिंगला बोलावणं पाठवलं.

तो आला, ओसरीच्या कडेला बसला. तिनं सगळं सांगितलं. त्यानं मोकळ्या केलेल्या दोन ओळी डोळ्यांनी वाचल्या. ओठ हलले, आवाज नाही.

"मदनभाऊ, जाळून टाकू?"

"थांबा." त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. "माह्या रतनसिंगच्या डोक्यात मोर्च्याच्याच दिवशी लाठी बसली. म्या सामने होतो. आता तो मले वळखत नाई, बाई. भाकर दिली का खाते, नाई देल्ली तं बसून राह्यते."

रतनसिंग हा त्याचा धाकटा भाऊ.

"म्या वाजवतो," तो म्हणाला. "पण एकटा. बाकीच्याइची लेकरंबाळं हायेत. तुमी त्याइले असं लिहून द्या का त्याइचं बोट त्या चालीले लागलंच नाई पाह्यजे."

तिनं दोन दिवस लिहिलं, मग मारोतरावांचा कागद चुलीत घातला. सहा प्रतींत रोजचीच स्वागताची चाल, आणि तिच्या मधोमध चार ओळी नुसती शून्यं. बत्तीस मात्रा गप्प. सातवी प्रत मदनसिंगची, तिच्यात त्या चार ओळींत ती चाल. तालमीत तो तिथं फक्त पायानं ठेका द्यायचा. "इथं माहं एकट्याचं हाय," एवढंच त्यानं त्यांना सांगितलं होतं. ढोलवाल्या सोमलानं काहून म्हणून विचारलं, तर तो हसला.

सभा दुपारी होती. विजयमाला बायकांत मागं बसली होती. साहेब मंडपात शिरले आणि बँड सुरू झाला. मग एकदम सहाजण थांबले. मदनसिंगची क्लॅरिनेट एकटीच वर गेली.

पहिली ओळ कोणाला कळलीच नाही. दुसऱ्या ओळीला पुढची दोन डोकी वळली. तिसऱ्या ओळीला मंडपात असं काही सामसूम झालं, की क्लॅरिनेटच्या किल्ल्यांचा टकटक आवाज तिला मागं ऐकू आला. कोणी गायलं नाही. मारोतराव म्हणाले होते तसं घडलं नाही. माणसं खाली बघत बसली. चौथी ओळ संपली, आणि कागदात होतं म्हणून सहाजणांनी आपली स्वागताची चाल बरोबर पुन्हा धरली. तोवर शिपाई मदनसिंगपर्यंत पोचले होते.

फौजदार तिच्या घरी आला तो सभेच्या दुसऱ्या दिवशी. सभ्यपणे बसला, पाणी घेतलं. सहा कागद त्यानं एकापुढे एक मांडले.

"अक्षर लय सुंदर हाय तुमचं. पाह्यताच समजते."

तिनं पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"मदनसिंगचा कागद सापडला नाई. त्याच्या पुढची कागद लावायची काठी रिकामीच होती. पाठ केलं म्हणते." त्यानं बोट चार ओळींवरून सावकाश फिरवलं. "हे मोजले म्या. साही कागदांवर बत्तीसच. ह्या साहाजणाइले म्या सोडलं, कागदच सांगते का ते चूप होते. पण बाई, एवढं चूप राह्यचं हे आधी कोणाले माहीत होतं?"

"मले," विजयमाला म्हणाली.

"अन् चाल कोणी आणली?"

"ती तं साऱ्या गावाले येत होती."

फौजदार उठला. मग त्यानं बोरू, दौत, कोरे कागद, वडिलांच्या जुन्या वह्या, सगळं शिपायाकडून बांधून घेतलं. तिला तीन वेळा ठाण्यावर नेलं, दिवसभर बसवलं आणि चालीचा कागदच हाती नव्हता म्हणून सोडलं. ती एवढंच सांगत राहिली, म्या लिहिलं. मारोतरावांचं नाव तिनं घेतलं नाही. ते त्याच आठवड्यात निजामाच्या मुलखात निघून गेले होते, हे तिला नंतर कळलं.

मदनसिंग शिमग्याच्या सुमारास सुटून आला. रुखमाबाई, त्याची बायको, त्याला हाताला धरून विजयमालेच्या ओसरीवर घेऊन आली. तो बसला आणि बोलायला तोंड उघडलं, तेव्हा विजयमालेला दिसलं की समोरचे दात नाहीत, वरचे चार, खालचे तीन. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरावं लागतं.

"सोमला म्हणते, ताशावर ये," तो म्हणाला. शब्द हवेत सांडत होते. "तालाचं लिहून द्यान का?"

तिच्याकडे कागद नव्हता. रुखमाबाईनं आणलेल्या गुळाच्या पुडीचा कागद तिनं सोडवला, गुळाची चिकट खूण ओल्या फडक्यानं पुसली, आणि शेजारून शिसपेन्सिल मागवून आणली.