उजव्या फुफ्फुसावरची पहारेकरीण

मी एक जुनी टी-पेशी आहे, मित्रांनो, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी पांढरी पेशी. मुक्काम कौशल्याबाईंचं उजवं फुफ्फुस, काळेवाडी. डोळ्यांना दिसत नसल्यामुळे माझा सत्कार वगैरे कधी झाला नाही.

माझा जन्म हाडाच्या मगजातला. शिक्षण छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या शाळेत. शाळा कडक. शंभरातल्या दोन-चार पास होतात. नापास झालेल्यांना घरी पाठवत नाहीत, तिथंच संपवतात. मी पास झाले तेव्हा कौशल्याबाई उदगीरकडे लहान होत्या आणि घरात दोन वेळची भाकरी होती. ही शाळा नीट चालायला तेवढं लागतंच.

पुढे त्यांच्या फुफ्फुसात क्षयाचे जंतू शिरले. आम्ही ते ओळखले, एकीच्या हजार झालो आणि त्यांना एका कोपऱ्यात कोंडलं. बाईंना पत्ताही लागला नाही. तेव्हापासून मी पहाऱ्यावर. आमच्यातली एक थकली की तिची लेक तीच आठवण घेऊन जागेवर येते. आईच्या जागी मुलगी, तीही परमनंट. चाकणच्या कारखान्यांत ही सोय नाही.

नुसत्या पहाऱ्याला फार लागत नाही. थोड्या चरबीवर संथपणे निभतं. पण जंतू उठले की आमचं चयापचय पालटतं. साखर भराभर जाळावी लागते, तरच एकीच्या हजार होता येतं. साखर म्हणजे पेढे नव्हेत. भात-भाकरीतून रक्तात उतरते ती. शिवाय डाळ हवी. नव्या पेशी हवेतून बनत नाहीत.

नेमकं तेच आटलं. बाईंचा मुलगा ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी लागला. तो परमनंट होईपर्यंत सोमवार, गुरुवार, शनिवार करीन, असा नवस बाई बोलल्या. लोकांच्या उपवासाला साबुदाणा, बटाटा, वेफर्स चालतात. तसा असता तर आम्ही बाळसं धरलं असतं. बाईंचा उपवास खरा होता. कोरा चहा. कंपनी कंत्राट वाढवत गेली, बाई वार वाढवत गेल्या.

आधी चरबी गेली. मग जंतूंनी दार ढकललं. मी हाका मारल्या, बहिणी उठल्याही. पण वाढायला काही नव्हतं. कोपरा सुटला. मी तिथंच होते, नुसती बघत.

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा ज्ञानेशने आईला दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. डॉक्टर तेजस्विनी म्हणाल्या, "मावशी, गोळ्या सहा महिने. पण पोटात काही नसेल तर गोळ्या एकट्या किती लढतील? दोन्ही वेळा पोटभर जेवायचं."

"गोळीनं उपास मोडतो का हो?"

डॉक्टरांनी ज्ञानेशकडे पाहिलं.

घरी त्याने वरणभात वाढला. "जेव आई. परमनंट झालो मी. कालच."

"मग आज घरी कसं बसवलं रे तुला?"

"सुट्टी दिली. खुशीत."

"खोटं बोलायलास."

ज्ञानेश ताट धरून तसाच बसला आणि त्याचे डोळे भरले. बाईंनी ताट ओढून घेतलं. "रडू नको. देवाला मी सांगते काय ते. लिंबू हाय का?"

त्या दुपारी रक्तात साखर उतरली. आता गोळ्या आणि आम्ही मिळून झगडतो आहोत. फुफ्फुसाचा जो तुकडा गेला तो मात्र परत येणार नाही. तो माझ्या पहाऱ्यात गेला.

मित्रांनो, आम्हाला आतून बोलता येत नाही. तुमच्या घरात कुणी तुमच्यासाठी उपाशी राहत असेल, तर पाया पडून कामावर निघू नका. समोर बसा आणि वाढा.