केसरबाईची सही

हेमराज माणूस वाईट नव्हता, असं ब्रह्मपुरीत अजूनही म्हणणारे आहेत. म्हणोत बापडे! त्यांच्या घरचं कोणी त्याने जहाजावर पाठवलं नव्हतं.

बसस्टँडसमोर वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस. मुंबईची एक कंपनी दुसऱ्यांची जहाजं चालवायला घ्यायची आणि त्यांवर लागणारी पोरं हेमराज पुरवायचा. लायसन होतं, कामात चूक झाली तर भरपाई देणारा विमाही होता. कुरखेड्याकडच्या संघपालला त्यानेच खलाशी म्हणून चढवलं. जायच्या आदल्या दिवशी पोराची आई, केसरबाई, सरकारी दवाखान्याचं सिकलसेलचं कार्ड घेऊन आली.

"भाऊ, याच्या रक्तात सिकल आहे. जहाजावरच्या मोठ्या साहेबाले सांगून ठेवजा."

"सांगतो ना बाई, काऊन घोर करता?" हेमराज म्हणाला, आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. आठवड्यात दहा पोरं द्यायची होती आणि नऊच झाली होती. 'तपासणीत विचारलं तं नाई म्हणजो, नाई तं घरी बसशीन,' असं त्याने संघपालला पढवलं. फॉर्मवर 'आजार नाही' हे मात्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं.

चौथ्या महिन्यात सकाळी अकराला मुंबईहून फोन आला. पोराची हाडं रात्रभर ठणकली, श्वास घेता येत नाई, आता शुद्धीवर नाई. किनाऱ्यावरून फोनवर सल्ला देणारा डॉक्टर विचारतो, रक्ताचा आजार आहे का? असेल तर जहाज आत्ताच वळवतो, बंदर एका दिवसावर आहे. नसेल तर पुढे जातो. लवकर बोला.

ड्रॉवर गुडघ्याला लागत होता. 'हो' म्हटलं तर कार्ड पाहूनही लपवलं असं होणार. विमा चुकीसाठी असतो, लबाडीसाठी नसतो. विमावाले हात वर करतील आणि लायसन जाईल. एवढा सगळा हिशेब त्याने एका श्वासात केला.

"नाई साहेब, तशी काही नोंद नाई आपल्याकडे."

मग तो घरी जाऊन जेवला. घास घशाखाली उतरला नाही वगैरे काही झालं नाही. वांग्याची भाजी होती, दोनदा घेतली.

जहाज पुढे गेलं. तिसऱ्या दिवशी संघपाल मेला.

मेल्यावरच्या तपासणीत सिकल निघालंच. कंपनीने लेखी विचारलं, हे कोणाला माहीत होतं? हेमराजला उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. आपल्याकडे सोयरीक जुळवताना हे कार्ड पेटीच्या तळाशी जातं, पोरीवाल्यांना कोणी दाखवत नाही. हे त्याला ठाऊक होतं, विमावाल्यांनाही ठाऊक होतं. दाखवणारी एखादी केसरबाई असते, यावर कोण विश्वास ठेवणार? त्याने कार्ड जाळलं आणि कागद टाइप करून घेतला: मुलाचा आजार आम्ही घरच्यांनी सगळ्यांपासून लपवला, एजंटला काही माहीत नव्हतं.

माती देऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा त्याने केसरबाईला बोलावलं. चहा मागवला. बाई सातवी शिकलेली, मराठी घडाघडा वाचायची. कागद इंग्रजीत होता.

"भाऊ, तुमी सांगतलं होतं ना त्याईले सिकलचं?"

"सांगतलं होतं बाई. त्याईनं ध्यान नाई देलं."

"मंग तुमची काय चुकी?" ती डोळे पुसत म्हणाली. उलट तिनेच त्याच्या हातावर हात ठेवला. "यात काय लिवलं आहे?"

हेमराज क्षणभरही अडखळला नाही, मेला! "संघपाल इमानदार पोरगा होता, कामात पक्का होता, असं लिवलं आहे कंपनीनं. तुमची सही पाह्यजे."

केसरबाईने पदराला बोटं पुसली आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मग कागदावरून हात फिरवत राहिली.

"भाऊ, याची एक झेरॉक्स देसान का मले? फोटोखाली लावतो. येणारे-जाणारे वाचतीन."

हेमराज स्वतः खाली गेला आणि तिला झेरॉक्स काढून आणून दिली.